आयईएलटीएसचं रीडिंग सहावर अडकलंय? वेळ कुठे जातो ते आधी पाहू

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सध्या त्या जळगावात एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहेत, यूकेला जायचं आहे. त्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा लागते; तिचा अकॅडमिक प्रकार त्यांनी एकदा दिला. लिसनिंग आणि स्पीकिंग निभावलं, रीडिंग मात्र ६ बँडवर (बँड म्हणजे गुणांची श्रेणी) अडकलं; हवेत ७. पहिले दोन पॅसेज, म्हणजे वाचायचे उतारे, बरे जातात; तिसरा मात्र सरावातही दर वेळी अर्धा राहतो आणि शेवटची सात-आठ उत्तरं अंदाजाने ठोकावी लागतात. एका क्लासमध्ये सांगितलं, पॅसेज वाचूच नका, थेट प्रश्नांवर जा. दुसरीकडे सांगितलं, आधी सगळं नीट वाचून काढा. कुणी तीन हजार शब्दांची पीडीएफ पाठवून दिली. ताईंचं म्हणणं एवढंच की, वाचनाचा स्पीड वाढवायचा कसा?

मी बरीच वर्षं जळगावात ही परीक्षा शिकवते. माझ्याकडे नर्सिंगच्या मुली येतात, आयर्लंडला निघालेले इंजिनिअर येतात, लग्न होऊन कॅनडाला जाणाऱ्या मुली येतात. धुळ्याचा असो की शहाद्याचा, पहिल्या दिवशीची तक्रार ठरलेली: "मॅडम, टाइम पुरस नही." आणि त्यावरचा उपायही प्रत्येकाने स्वतःच ठरवून आणलेला असतो, स्पीड वाढवा. म्हणून आधी थोडा हिशोब करू.

अकॅडमिकच्या तीन पॅसेजमध्ये मिळून साधारण २,१५० ते २,७५० शब्द असतात. प्रश्न ४०, वेळ ६० मिनिटं. अगदी सावकाश, मिनिटाला १२० शब्दांनी वाचलं तरी तिन्ही पॅसेज एकदा वाचून व्हायला जास्तीत जास्त तेवीस मिनिटं लागतील. प्रश्न वाचायला दहा मिनिटं धरा. म्हणजे उत्तरं शोधायला आणि लिहायला पंचवीसच्या वर मिनिटं हातात राहायला हवीत. ती राहत नाहीत, कारण ती परत-परत वाचण्यात जातात. वर्गात मी पेपर सोडवणाऱ्याच्या शेजारी बसून त्याची पेन्सिल कुठे फिरते ते बघते. प्रश्न वाचला, पॅसेजच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, निम्म्यात आल्यावर प्रश्नात नेमकं काय विचारलंय तेच निसटलं, परत प्रश्न, परत पहिली ओळ. असा एकच परिच्छेद चार-पाच वेळा वाचला जातो. अशा माणसाचा स्पीड दुप्पट झाला तरी तो तोच परिच्छेद चार-पाच वेळा वाचणार, फक्त भराभर.

म्हणून ताई, तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेते: एकदा वाचलेलं पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागू नये, आणि लागलंच तर नेमक्या दोन-तीन ओळींवर जाता यावं, यासाठी काय करायचं?

त्याआधी गुणांचं गणित. अकॅडमिकला ४० पैकी साधारण २३ बरोबर आले की ६ बँड, ३० आले की ७, ३५ आले की ८. पेपरच्या काठिण्यानुसार हा आकडा एखाद्या गुणाने इकडे-तिकडे होतो. (जनरल ट्रेनिंग या परीक्षेच्या दुसऱ्या प्रकाराचं माप वेगळं आहे, तिथे ३० ला ६ बँड मिळतो आणि ७ साठी ३४ लागतात. मैत्रीण जनरल देत असेल तर तिच्या गुणांशी आपले गुण ताडून बघू नका.) म्हणजे सात बँडसाठी दहा चुका चालतात. चाळीसच्या चाळीस प्रश्नांशी कुस्ती खेळायची गरज नाही. तुमचे आज २३ ते २६ च्या मध्ये कुठेतरी बरोबर येत असतील, तर आणखी चार ते सात हवेत. ते कुठून येणार हे शोधायचं.

आता यातलं काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते मला इथे बसून कळणार नाही. वेळेचं बंधन काढून, आरामात, घरी पेपर सोडवलात तर किती येतात? ३३-३४ येत असतील तर इंग्रजी पुरेसं आहे, पद्धत बदलायची. वेळ दिला तरी २५ च येत असतील तर पद्धतीने एक-दोन गुण वाढतील, बाकीच्यासाठी रोज इंग्रजी वाचायलाच लागेल आणि त्याला महिने लागतात. आपल्याकडे दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरात अहिराणी नाहीतर लेवा बोली आणि मग एकदम नर्सिंगचं इंग्रजी, असा प्रवास झालेल्या मुलींना औषधं-आजारांचं इंग्रजी पक्कं येतं, पण शहरनियोजन किंवा पक्ष्यांचं स्थलांतर यावरचं लांबलचक वाक्य आलं की दम लागतो. ही उणीव यादी पाठ करून भरत नाही. तेव्हा ही बिनवेळेची चाचणी आधी करा, पुढचं सगळं त्यावर ठरेल. तुम्ही लिहिलंय त्यावरून, म्हणजे पहिले दोन पॅसेज बरे जातात आणि तिसरा राहतो यावरून, तुम्ही पहिल्या गटात असाव्यात असं मला वाटतं. पुढचं त्या समजुतीवर लिहिते.

पॅसेज आधी की प्रश्न आधी? दोन्ही टोकांचा सल्ला मला पटत नाही. पॅसेज न वाचता थेट प्रश्नांवर गेलात तर प्रत्येक प्रश्नासाठी सगळं रान पुन्हा तुडवावं लागतं. आणि आधी सगळं "नीट" वाचलंत तर सात-आठ मिनिटं जातात, त्यातलं निम्मं प्रश्नात येतच नाही आणि जे येतं ते तोवर विसरलेलं असतं. तुम्ही ड्यूटीवर आलात की हँडओव्हर घेता. प्रत्येक पेशंटची फाइल पहिल्या पानापासून वाचत नाही, पण कुठल्या बेडवर काय आहे ते डोक्यात बसतं आणि डॉक्टरांनी विचारलं की नेमकी ती फाइल उघडता. पॅसेजचं तसंच करा. दोन-अडीच मिनिटं घ्या. शीर्षक वाचा, त्याखालची ओळ असेल तर ती वाचा. पहिला परिच्छेद पूर्ण वाचा, कारण विषय तिथे उघडतो. पुढच्या प्रत्येक परिच्छेदाची पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक वाचा आणि बाजूला दोन शब्द लिहा. मराठीत लिहा, काही बिघडत नाही: "जुनी पद्धत", "खर्च", "विरोधक", "नवा प्रयोग". मधली वाक्यं नजरेखालून जाऊ द्या. त्यात साल, आकडा, माणसाचं नाव दिसलं की त्यावर गोल करा आणि थांबू नका. अडीच मिनिटांनी तुम्हाला पॅसेज समजलेला नसेल, पण काय कुठे आहे ते समजलेलं असेल.

मग प्रश्न घ्या, पण छापलेत त्याच क्रमाने घेतले पाहिजेत असं नाही. काही प्रकारांची उत्तरं पॅसेजमध्ये प्रश्नांच्याच क्रमाने येतात: ट्रू-फॉल्स-नॉट गिव्हन (विधान मजकुराप्रमाणे बरोबर, चूक, की मजकुरात त्याबद्दल काहीच नाही), येस-नो-नॉट गिव्हन, पर्यायी प्रश्न, वाक्य पूर्ण करा, छोटी उत्तरं. इथे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या परिच्छेदात आणि पाचव्याचं चौथ्यात सापडलं, तर चौथ्याचं त्या दोघांच्या मध्येच असणार. शोधायची जागा आपोआप लहान होते. हे प्रकार आधी सोडवा. "ही माहिती कुठल्या परिच्छेदात आहे" या प्रकारात क्रम नसतो, उत्तर कुठेही असतं. तो पॅसेजमधला सगळ्यात शेवटी करा. तोवर बाकीच्या प्रश्नांमुळे बहुतेक परिच्छेद तुमच्या डोळ्यांखालून गेलेले असतात आणि दोन-तीन उत्तरं तर शोधल्याशिवायच सापडतात. माझ्याकडची निम्मी मंडळी हा प्रकार छापलाय तिथेच, म्हणजे सुरुवातीला करत बसतात आणि त्यावर दहा मिनिटं घालवतात. तुमच्या तिसऱ्या पॅसेजची काही मिनिटं बहुधा इथेच सांडत असतील.

आता ट्रू-फॉल्स-नॉट गिव्हन. यावर जरा जास्त वेळ घेते, कारण सहा आणि सातच्या मधले गुण बहुतेक वेळा इथेच अडकलेले असतात. उदाहरण मराठीतून आणि आपल्याच भागातलं देते, म्हणजे अडचण इंग्रजीची नाही हे कळेल. समजा पॅसेजमध्ये एवढा मजकूर आहे:

"रावेर-यावल भागात केळीची लागवड पूर्वी कंदांपासून होत असे. ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपं आणि ठिबक सिंचन आल्यावर बहुतेक बागायतदारांनी ती पद्धत सोडली, तरी काही जण आजही कंदच लावतात. नव्या रोपांची बाग जवळपास एकाच वेळी कापणीला येते, कंदांच्या बागेत घड पुढेमागे तयार होतात. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं."

आणि विधानं अशी. एक: या भागात कंद लावणं आता पूर्णपणे थांबलं आहे. दोन: कंदांच्या बागेतला सगळा माल एका वेळी काढता येत नाही. तीन: ऊतिसंवर्धित रोपांना कंदांपेक्षा कमी पाणी लागतं. चार: मानांकन मिळाल्यापासून केळीला चांगला भाव मिळू लागला.

पहिलं फॉल्स. मजकुरात "काही जण आजही" असं स्पष्ट आहे, ते विधानाला आडवं येतं. दुसरं ट्रू, शब्द वेगळे असले तरी अर्थ तोच. तिसऱ्यावर वर्गात वाद होतो. मजकुरात रोपं आहेत, ठिबक आहे, कंद आहेत, सगळे शब्द हजर आहेत. पण कुणाला पाणी कमी लागतं ही तुलना कुठेच केलेली नाही. नॉट गिव्हन. चौथ्यावर तर भांडणच होतं. रावेरकडचा मुलगा उभा राहून सांगतो, "कुठला चांगला भाव मॅडम, आमच्या घरी विचारा!" आणि फॉल्स लिहून मोकळा होतो. त्याचं म्हणणं खरं असेल, पण परीक्षकाला त्याच्या घरच्या विक्रीच्या पट्टीशी देणंघेणं नाही. मजकुरात भावाबद्दल अवाक्षर नाही, म्हणून नॉट गिव्हन.

तुम्ही नर्स आहात म्हणून हे चौथं विधान तुमच्यासाठी खास आहे. पॅसेज झोपेवर, प्रतिजैविकांवर, लसीच्या इतिहासावर आला की तुम्हाला विषय माहीत असतो आणि नेमकी तिथेच जास्त चूक होते. मजकूर जे सांगत नाही ते तुमचं शिक्षण भरून काढतं. ओळखीचा विषय आला की जास्त जपून वागा.

फॉल्स आणि नॉट गिव्हन यांत गोंधळ झाला की मी एकच गोष्ट करायला लावते: विधान खोटं ठरवणारे शब्द पॅसेजमध्ये बोटाने दाखव. दाखवता आले तर फॉल्स. "मॅडम, म्हणजे त्याचा अर्थ असा निघतो की..." अशी सुरुवात झाली तर बहुतेक वेळा नॉट गिव्हन. सगळे, फक्त, नेहमी, पहिल्यांदाच, पेक्षा जास्त, या शब्दांवर पेन्सिल टेकवा, कारण विधानाचं खरंखोटं बरेचदा त्या एका शब्दावर टांगलेलं असतं. आणि क्रमाचा नियम इथेही कामाला येतो. आधीच्या आणि नंतरच्या उत्तराच्या मधला भाग एकदा नीट वाचूनही काही सापडलं नाही, तर नॉट गिव्हन लिहा आणि पुढे चला. जे मजकुरात नाहीच ते शोधत अख्खा पॅसेज पुन्हा चाळणं, यात जेवढा वेळ जातो तेवढा कशातच जात नाही.

येस-नो-नॉट गिव्हनचं तंत्र हेच, फक्त तिथे लेखकाचं मत विचारतात. त्यात एक मेख असते: पॅसेजमध्ये एखाद्या संशोधकाचं मत दिलेलं असतं आणि लेखक स्वतः पुढच्या ओळीत ते खोडतो. मत कुणाचं आहे ते बघूनच उत्तर द्या. आणि सूचनेत येस-नो असेल तर ट्रू-फॉल्स लिहू नका. घाईत हे होतं.

प्रत्येक परिच्छेदाला यादीतलं हेडिंग जुळवण्याच्या प्रश्नाला "पहिलं वाक्य वाचा, हेडिंग मिळतं" असा सल्ला सर्रास दिला जातो. सोप्या परिच्छेदात तो चालतो. अवघड परिच्छेद मात्र बरेचदा जुन्या समजुतीपासून सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात "हाउएव्हर" किंवा "बट" येतं आणि खरा मुद्दा त्यानंतर उघडतो. पहिल्या वाक्यावर विसंबलात तर जुन्या समजुतीचं हेडिंग लावून बसाल, आणि ते हेडिंग यादीत मुद्दाम ठेवलेलं असतं. तसंच परिच्छेदातल्या एखाद्या ठळक तपशिलाचा शब्द जसाच्या तसा हेडिंगमध्ये दिसला की सावध व्हा. मी स्वतःला असं विचारते: हा परिच्छेद पॅसेजमधून काढून टाकला तर वाचकाला कुठली गोष्ट कळणार नाही? त्याचं उत्तर एका ओळीत मनाशी म्हणा, मराठीत म्हणा, आणि मग यादीकडे बघा. यादी आधी बघितलीत तर सात-आठही हेडिंग थोडीथोडी बरोबर वाटू लागतात. दोन हेडिंगमध्ये अडकलात तर दोन्ही लिहून ठेवा आणि पुढच्या परिच्छेदांकडे जा; त्यातलं एक दुसरीकडे लागून जातं.

गाळलेल्या जागांबद्दल थोडक्यात, कारण इथे डोक्यापेक्षा शिस्त लागते. शब्दमर्यादा आधी वाचा. दोनच शब्द सांगितले असतील तर तिसरा शब्द लिहिला की उत्तर चूक. पॅसेजमधलाच शब्द घ्यायचा असेल तर रूप बदलू नका. शेवटचा "एस" राहिला तरी गुण जातो, स्पेलिंग चुकलं तरी जातो. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंग चालतात. शोधायला जाण्याआधी जागेत नाम बसेल, आकडा बसेल की विशेषण, हे ठरवून जा.

आता वेळ. वीस-वीस-वीसची वाटणी मला चुकीची वाटते, कारण पॅसेज साधारणपणे अवघड होत जातात. पहिला पंधरा ते सतरा मिनिटांत संपवायचा, दुसऱ्याला वीस, आणि तिसऱ्यासाठी तेवीस-चोवीस मिनिटं राखायची. पहिल्या पॅसेजमध्ये एखादा प्रश्न अडला तर तो सोडून उठायची तयारी हवी, आणि हे आपल्या मुलांना जड जातं. शाळेपासून "सोपं आहे ते पूर्ण बरोबर आलंच पाहिजे" असं शिकवलेलं असतं, त्यामुळे पहिल्या पॅसेजच्या बाराव्या प्रश्नासाठी चार मिनिटं झुरतात. तो प्रश्न एका गुणाचा आहे, तिसऱ्या पॅसेजमधला प्रश्नही एकाच गुणाचा. दीड मिनिटात हाती लागलं नाही तर जे बरं वाटतं ते लिहा, प्रश्नाजवळ खूण करा आणि निघा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून रिकामी जागा कधीच सोडू नका. कागदावर देणार असाल तर हे लक्षात ठेवा की लिसनिंगसारखी उत्तरं उतरवायला वेगळी दहा मिनिटं रीडिंगला मिळत नाहीत. उत्तरपत्रिकेवर लगोलग लिहायचं.

कागद की कॉम्प्युटर? कागदाचा पर्याय तुमच्या केंद्रावर अजून मिळतो का ते आधी बघा. रीडिंगपुरतं मला कॉम्प्युटर बरा वाटतो. डावीकडे पॅसेज, उजवीकडे प्रश्न, दोन्ही एकाच वेळी समोर; पानं उलटायची नाहीत. मजकूर रंगवता येतो, बारीक टीप ठेवता येते, खूण केलेल्या प्रश्नावर एका क्लिकने परत जाता येतं. पण ज्यांना पेन्सिलने खुणा केल्याशिवाय सुचतच नाही आणि मोबाइलपलीकडे स्क्रीनवर लांबलचक वाचायची सवय नाही, त्यांनी हौसेने कॉम्प्युटर घेऊ नये. अधिकृत संकेतस्थळावर फुकट सराव पेपर आहे, तो लॅपटॉपवर एकदा सोडवा आणि मग ठरवा. मोबाइलवर सराव करून कॉम्प्युटरवर परीक्षा द्यायला जाऊ नका.

सरावाबद्दल ताईंनी विचारलेलं नाही, पण मला बोलायचंय, कारण रोज एक पेपर सोडवायचा, बरोबर किती ते मोजायचं आणि उद्या दुसरा पेपर घ्यायचा, हा प्रकार मी फार बघते. असे वीस-पंचवीस पेपर उडवूनही बँड हलत नाही. पेपर सोडवायला एक तास लागला असेल तर त्याची चिरफाड करायला दीड तास द्या. प्रत्येक चुकीच्या उत्तरापुढे चूक का झाली ते एका ओळीत लिहा. उत्तराची जागाच सापडली नाही? जागा सापडली पण वाक्य समजलं नाही? समजलं पण आपल्या मनचं घातलं? की स्पेलिंग, शब्दमर्यादा, घाई? दोन-तीन पेपरांतच एखादं कारण वरचढ झालेलं दिसेल. जागाच सापडत नसेल तर अडीच मिनिटांचा हँडओव्हर कच्चा आहे. वाक्य समजत नसेल तर ते वाक्य वहीत उतरवा आणि कर्ता कुठला, मुख्य क्रियापद कुठलं ते शोधा. परीक्षेतली लांब वाक्यं मधल्या पोटवाक्यांमुळे अवघड दिसतात, ती उचलून बाजूला ठेवली की सांगाडा साधाच असतो. अंदाजाने बरोबर आलेली उत्तरंही चुकांतच धरा.

शब्दांची ती पीडीएफ बाजूला ठेवा. तिच्याऐवजी दोन रकान्यांची वही करा: डावीकडे प्रश्नातले शब्द, उजवीकडे त्याच अर्थाचे पॅसेजमधले शब्द. प्रश्नात "डिक्लाइन" असतं तिथे पॅसेजमध्ये "फ्यूअर अँड फ्यूअर" असतं. प्रश्नात "अफोर्डेबल" तर पॅसेजमध्ये "विदिन रीच ऑफ ऑर्डिनरी फॅमिलीज". ही परीक्षा या अदलाबदलीवरच उभी आहे. एका पेपरातून अशा पंधरा-वीस जोड्या सहज मिळतात, आणि त्या संदर्भासकट मिळाल्यामुळे डोक्यात राहतात. सरावासाठी केंब्रिजच्या अधिकृत प्रश्नपत्रिकाच वापरा. इंटरनेटवर फिरणाऱ्या नकली पेपरांत नॉट गिव्हनची उत्तरं हमखास गंडलेली असतात आणि त्यावर अभ्यास केला तर चांगली लागलेली सवयही बिघडते.

नाइट ड्यूटी करून आल्यावर पूर्ण पेपर सोडवू नका. त्या दिवशी आलेले गुण खोटे असतात आणि उगाच धीर खचतो. ड्यूटीच्या दिवशी एकच पॅसेज, घड्याळ लावून, वीस मिनिटं. जमलं तर त्याची चिरफाड, नाहीतर दुसऱ्या दिवशी. पूर्ण पेपर आठवड्याच्या सुटीला, ज्या वेळेला परीक्षा द्यायची त्याच वेळेला. मे महिन्यात दुपारी पंख्याखाली घामाघूम होत सोडवायचा अट्टाहास नको. जळगावच्या त्या उन्हात साधं वर्तमानपत्रसुद्धा डोक्यात शिरत नाही. सकाळी लवकर बसा, नाहीतर तालुक्याच्या एखाद्या अभ्यासिकेत कूलर असतोच.

एक बाजूचा मुद्दा. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, आयईएलटीएसमध्ये रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. दोन वेळच्या परीक्षांचे गुण जोडायचीही सोय आहे, पण त्याला दोन्ही वेळी किमान बँडची अट आहे. ती त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका. एनएमसीला ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजी परीक्षाही चालते. तिचं रीडिंग सगळं आरोग्याच्या विषयांवर असतं. पहिल्या भागात पंधरा मिनिटांत चार छोट्या मजकुरांवर वीस प्रश्न आणि उरलेल्या पंचेचाळीस मिनिटांत बावीस. जिचं वॉर्डातलं इंग्रजी पक्कं आहे पण इतर विषयांवर अडखळते, तिला ओईटी सोपी जाऊ शकते. फी मात्र आयईएलटीएसपेक्षा बरीच जास्त आहे, आणि तो पहिला पंधरा मिनिटांचा भाग भराभर शोधण्याचाच आहे. "परत वाचण्याची" सवय घेऊन तिकडे गेलात तर तिथेही वेळ पुरणार नाही. तुमचं लिसनिंग-स्पीकिंग आधीच जमलेलं आहे, म्हणून मी तरी आत्ता परीक्षा बदलणार नाही.

तारीख घ्यायची घाई करू नका. घरी घड्याळ लावून, न बघितलेल्या अधिकृत पेपरांत सलग तीन वेळा ३१-३२ आले की फी भरा. बरोबर ३० वर पोचून परीक्षा द्यायची म्हणजे एखादा पेपर अवघड निघाला की साडेसहावर घरी. केंद्र नाशिकला घेतलंत तर आदल्या दिवशी जाऊन राहा, रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी पेपरला बसू नका. कॉम्प्युटरच्या परीक्षेला दुपारचा स्लॉट मिळत असेल आणि तुमच्या नाइट चालू असतील, तर तोच घ्या. आणि ती बिनवेळेची चाचणी याच सुटीला करा. ३३ च्या आसपास आले तर वर लिहिलेलं सगळं उद्यापासून सुरू करता येईल. २५-२६ वरच थांबले तर किती आले ते आणि कुठल्या प्रकारात गेले ते कळवा, मग वाचनासाठी रोज काय घ्यायचं त्याबद्दल वेगळं लिहिते.